सोर पडलं की नाही?

"बाई, सलाम. आमचं घर नगरचं, तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. पप्पा निवृत्त शिक्षक आहेत, मंडळीतला बुधवारचा बायबल अभ्यास तेच घेतात. धाकटा भाऊ पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीच्या सुट्टीत तो आला तेव्हा पप्पांनी यहेज्केलाचा २६वा अध्याय घेतला होता. 'सोर नगरीविषयी संदेष्टा बोलला ते शब्दन्‌शब्द खरं झालं, इतिहास साक्षी आहे,' असं ते म्हणाले. भाऊ सगळ्यांसमोर उठला. 'पप्पा, सोर आजही नकाशावर आहे, तिथे माणसं राहतात.' घरी आल्यावर त्याने मोबाइलमधली यादीच काढली. सोर, मिसर, कोरेश, दानीएल. पप्पा म्हणाले, 'शास्त्र खोटं वाटतं तर मंडळीत येतोस कशाला?' तेव्हापासून तो घरी आलेला नाही. मे महिन्यात माझं लग्न आहे. शास्त्रवाचन त्याने करायचं ठरलं होतं. आता पप्पा म्हणतात, ज्याचा विश्वास नाही त्याने पुलपिटाशी उभं राहायचं नाही. आई रडते. मला दोघांचंही काही खोडून काढता येत नाही. बाई, सोर पडलं की नाही, ते एकदा सांगा. आणि मी यात मध्ये पडू की नको?"
नगरची एक मुलगी

प्रिय मुली,

सलाम. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. मध्ये पड, फक्त पंच होऊ नकोस. तू निकाल दिलास की दोघांपैकी एक जण हरणार आणि हरलेला माणूस तुझ्या लग्नात खाली मान घालून बसणार. तुझं काम वेगळं आहे. दोघांपुढे एकच पान उघडून ठेवायचं. ते कुठलं हे सांगते, पण आधी सोरचं बघू. पहिल्या प्रश्नाला बगल देऊन तुमच्या घरात कुणाचंच समाधान होणार नाही.

सोर म्हणजे आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरचं सूर. इंग्रजी पुस्तकांत त्याला टायर म्हणतात. हिब्रूत सोर म्हणजे खडक, आणि आपल्या मराठी शास्त्राने मूळ नाव जवळजवळ तसंच ठेवलंय. यहेज्केलाच्या काळात या नगरीचे दोन भाग होते. एक वस्ती किनाऱ्यावर, आणि खरं श्रीमंत शहर समोर समुद्रातल्या बेटावर, तटाच्या आत. जंजिरा डोळ्यांसमोर आण. किनाऱ्यावरून सगळं स्पष्ट दिसतं, पण हात पोचत नाही.

त्या शहराची श्रीमंती बघायची तर २७वा अध्याय वाच. बुधवारच्या अभ्यासात तो बहुधा कुणी घेत नाही, त्यात भाकीत म्हणावं असं फारसं नाही म्हणून. संदेष्टा सोरला जहाज कल्पतो. डोलकाठी लबानोनच्या गंधसरूची, वल्ही बाशानच्या ओक झाडांची, शीड मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, वेलबुट्टीदार तागाचं. मग कोण काय घेऊन येई त्याची यादी. चांदी, लोखंड, कथील, शिसं, घोडे, खेचरं, हस्तिदंत, शिसवी लाकूड, गहू, मध, तेल, पांढरी लोकर. बंदरावरच्या गोदामाची वही उघडावी तसा तो अध्याय आहे. ज्याचा नाश सांगायचा त्या शहराकडे हा माणूस इतक्या बारकाईने बघतो, हे मला कायम विलक्षण वाटत आलंय.

आता २६वा. यरुशलेम पडलं ते इ.स.पू. ५८६च्या सुमारास, आणि हा संदेश त्याच काळातला. यहेज्केल तेव्हा बाबेलात, म्हणजे बॅबिलोनमध्ये, खबार नदीकाठी बंदिवासात होता. यरुशलेम मोडलं म्हणून सोर खूश झाली, आता व्यापार सगळा आपल्याकडे येईल असं तिला वाटलं, म्हणून हा न्याय. समुद्र लाटा उसळवतो तशी अनेक राष्ट्रं तुझ्यावर येतील. तुझी माती खरवडून तुला उघडा खडक करीन. नावच खडक, आणि शिक्षाही खडकाचीच. तिथे जाळी वाळत घालतील. मग सातव्या वचनात नाव येतं, बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर. तो मोर्चे बांधील, तट फोडील, घोड्यांच्या टापांनी तुझे रस्ते तुडवील. बाराव्या वचनात मूळ हिब्रूतलं क्रियापद एकवचनातून अनेकवचनात जातं. 'तो' होता, तिथे 'ते' येतात. ते लुटतील, तुझे दगड, लाकडं आणि माती पाण्यात टाकतील. आणि शेवटी, तू पुन्हा बांधली जाणार नाहीस.

घडलं काय? नबुखद्नेस्सराने वेढा घातला, हे नक्की. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार जोसेफस तो तेरा वर्षं चालल्याचं सांगतो. इ.स.पू. ५७३च्या सुमारास सोर बाबेलची अंकित झाली. पण बेटावरचं शहर लुटलं गेलं नाही, त्याच्या रस्त्यांवर बाबेलचे घोडे धावले नाहीत. पुढे अडीचशे वर्षांनी, इ.स.पू. ३३२मध्ये सिकंदर आला. त्याच्याजवळ सुरुवातीला पुरेसं आरमार नव्हतं, म्हणून त्याने समुद्रातच रस्ता बांधायला घेतला. इ.स.पू. पहिल्या शतकातला ग्रीक इतिहासकार डायोडोरस लिहितो, की किनाऱ्यावरचं जुनं सोर पाडून त्याचे दगड त्या भरावासाठी वाहून नेले. सुमारे पाऊण किलोमीटरचा बांध झाला. (संभाजी महाराजांनीही जंजिऱ्यासाठी खाडी भरायचा प्रयत्न केला होता, तो मोगलांच्या स्वारीमुळे सोडावा लागला. शाळेत मी सोरचा वेढा शिकवायची तेव्हा मुलांना हे लगेच कळायचं.) सात महिन्यांनी बेट पडलं. आठ हजार मारले गेले, तीस हजार गुलाम म्हणून विकले गेले, असे आकडे ग्रीक इतिहासकार एरियनने दिलेत. त्या बांधाला वाळू लागत गेली आणि बेट कायमचं जमिनीला जोडलं गेलं. आजचं सूर म्हणूनच बेट नाही, जमिनीचं एक टोक आहे.

तेव्हा दगड, लाकडं, माती पाण्यात पडली, हे तुझ्या पप्पांचं म्हणणं हवेतलं नाही. पण सिकंदरानंतर सोर पुन्हा उभी राहिली. रोमन काळात तिथे घोडदौडीचं भव्य मैदान झालं, कमान झाली. येशू स्वतः सोरच्या प्रांतात गेला, हे मार्कच्या सातव्या अध्यायात आहे. १२९१मध्ये मिसरच्या ममलुक सुलतानांनी ते शहर पुन्हा मोडलं, तरी वस्ती परत आलीच. १९८४पासून सूर जागतिक वारसास्थळ आहे. तिथले कोळी बंदरात जाळी पसरतात हेही खरं, आणि त्यांच्या मागे हजारो लोकांचं शहर उभं आहे हेही खरं.

माझा निकाल तू मागितलास म्हणून देते. सोर पडलं. नबुखद्नेस्सराच्या हातून जसं सांगितलं होतं तसं नाही पडलं, आणि कायमचं तर नाहीच. 'शब्दन्‌शब्द' हा शब्द पप्पांनी सोडायला हवा. 'सपशेल खोटं' हे दोन शब्द भावाने सोडायला हवेत.

आता ते पान.

यहेज्केल, अध्याय २९, वचनं १७ ते २०. चारच वचनं आहेत. त्यांवर तारीख आहे, सत्ताविसावं वर्ष, पहिला महिना, पहिला दिवस. आपल्या हिशेबाने इ.स.पू. ५७१. त्या अख्ख्या पुस्तकातली ही सर्वांत उशिराची तारीख. सोरचा वेढा उठून दोनेक वर्षं झालेली. संदेष्टा म्हातारपणाकडे झुकलेला. आणि तो सांगतो, की नबुखद्नेस्सराने आपल्या सैन्याकडून सोरपुढे फार कष्ट करून घेतले. प्रत्येकाच्या डोक्याचे केस गेले, प्रत्येकाचा खांदा सोलवटला. पण त्याला किंवा सैन्याला सोरकडून काहीच मजुरी मिळाली नाही. म्हणून मी त्याला मिसर देश देईन, तीच त्याची मजुरी.

मार्केट यार्डात पोती वाहणाऱ्या हमालांचे खांदे तू पाहिले असशील. घट्टे पडून तिथली कातडी काळी, राठ होते. तेरा वर्षं माती-दगड वाहून त्या सैनिकांचं तेच झालं होतं, आणि हातात काही पडलं नाही. हे कुणी विरोधकाने लिहिलेलं नाही. ज्याने २६वा अध्याय सांगितला त्याच्याच पुस्तकात, तीन अध्याय पुढे, हे आहे. त्याला २६वा अध्याय खोडता आला असता. त्याच्या शिष्यांना तर अगदी सहज. त्यांनी दोन्ही ठेवले.

माझे वडील खेड्यात पाळक होते. त्यांचं पवित्र शास्त्र त्यांच्या मागे माझ्याकडे आलं. त्यात यहेज्केलाच्या २६व्या अध्यायाला लाल पेन्सिलीच्या रेघा आहेत आणि समासात बारीक अक्षरात 'पूर्ण झाले' असं लिहिलंय. २९व्या अध्यायाचं पान कोरं आहे, कोपरासुद्धा दुमडलेला नाही. वयाच्या चाळिशीत मी ती चार वचनं पहिल्यांदा नीट वाचली आणि पुस्तक मांडीवर ठेवून बराच वेळ तशीच बसून राहिले. वडील तेव्हा हयात होते. मी त्यांना विचारलं नाही. 'कशाला दुखवायचं' असं वाटलं. ते गेल्यावर कळलं की ते पान आम्ही दोघांनी मिळून वाचलं असतं तर त्यांना आवडलंही असतं. प्रश्नाला घाबरणारा माणूस नव्हताच तो. मीच घाबरले. तुला 'मध्ये पड' म्हणाले, ते यामुळे.

तुझा भाऊ आता जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाचा १८वा अध्याय काढील. संदेष्टा बोलला आणि ते घडलं नाही, तर ते परमेश्वराचं बोलणं नव्हे, अशी कसोटी तिथे दिली आहे. काढू दे. पण मग यिर्मयाचा १८वाही वाचावा लागेल. संदेष्टा कुंभाराच्या घरी जातो. चाकावरचं मडकं बिघडतं, कुंभार त्याच मातीचं दुसरं करतो. मी एखाद्या राष्ट्राचा नाश सांगितला आणि ते वाईटापासून वळलं, तर मीही बेत बदलीन, असं तिथे देव म्हणतो. योनाची गोष्ट तर संडे स्कूलपासून तुमच्या तोंडावर आहे. चाळीस दिवसांत निनवे उलथी होणार होती. लोकांनी गोणपाट नेसलं, नाश टळला आणि योना रुसून बसला. निनवे पुढे इ.स.पू. ६१२मध्ये पडली, पण ते फार नंतर.

एक प्रसंग मला सगळ्यांत जवळचा वाटतो, तो यिर्मयाच्या २६व्या अध्यायातला. हे मंदिर ओसाड होईल असं यिर्मया बोलला म्हणून याजक आणि लोक त्याला ठार मारायला निघालेत. तेव्हा देशातले काही वडीलधारे उठतात. त्यांना शंभरेक वर्षांपूर्वीचा मीखा आठवतो. सियोन शेतासारखी नांगरली जाईल, असं तोही बोलला होता. मग हिज्कीया राजाने त्याला मारलं का? नाही. राजा घाबरला, देवाला शरण गेला आणि अरिष्ट टळलं. म्हणजे भाकीत पूर्ण झालं की नाही हा वाद बायबलच्या आतच, यरुशलेमच्या मंदिराच्या वेशीपाशी, एका माणसाच्या जिवावर बेतला असताना झाला. आणि न घडलेलं भाकीत पुरावा म्हणून पुढे आलं. त्याने यिर्मयाचा जीव वाचला.

आपल्या मराठीत 'भविष्य' म्हटलं की पत्रिका, पंचांग, ग्रहदशा आठवते. दहाव्या महिन्यात नोकरी लागेल, आणि लागली किंवा नाही लागली. आपण संदेष्ट्यांनाही त्याच तराजूत घालतो. शब्द मात्र वेगळा आहे. संदेष्टा म्हणजे निरोप आणणारा. निरोप ऐकणाऱ्याने काय केलं, यावर पुढचं ठरतं. अर्थात हे औषध सगळीकडे लागू पडत नाही, हेही सांगते. सोर पश्चात्ताप पावली असं कुठेही लिहिलेलं नाही, त्यामुळे तिथे कुंभाराचा दाखला देऊन सुटता येत नाही. मिसरचंही तसंच. २९व्या अध्यायात मिसर चाळीस वर्षं ओसाड राहील, माणसाचं पाऊलही पडणार नाही, असं आहे. नबुखद्नेस्सराने इ.स.पू. ५६८च्या सुमारास मिसरवर स्वारी केल्याचा उल्लेख बाबेलच्या एका तुटक्या मातीच्या पाटीवर सापडतो. पण देश ओसाड पडला नाही. त्यांचा राजा अमासिस त्यानंतर चाळीसेक वर्षं राज्य करत होता. या जागी मी भावाच्या बाजूने आहे आणि ते पप्पांना वाचून दाखवायला माझी हरकत नाही.

कोरेशाची गोष्ट निराळी आहे. यशयाच्या ४४ आणि ४५व्या अध्यायांत पारसाच्या, म्हणजे इराणच्या, कोरेश राजाचं (इंग्रजीत सायरस) नावच आलंय. यशया इ.स.पू. आठव्या शतकातला आणि कोरेशाने बाबेल घेतलं ५३९मध्ये. पप्पा म्हणणार, दीडशे वर्षं आधी नाव सांगितलं, हा चमत्कार. भाऊ म्हणणार, नंतर लिहिलं. आज बहुतेक अभ्यासक मानतात, की ४०व्या अध्यायापासून बोलणारा हा बाबेलातल्या बंदिवानांमधला दुसरा संदेष्टा आहे, कोरेशाचा समकालीन. १८९२मध्ये बर्नहार्ड डूम या जर्मन पंडिताने हे मत ठाशीवपणे मांडलं. मलाही तेच पटतं, कारण त्या अध्यायांत यरुशलेम आधीच मोडलेलं आहे आणि लोकांना सांत्वन हवंय. पप्पांचे मित्र कुमरानची गुंडाळी पुढे करतील. १९४७मध्ये मृतसमुद्राजवळच्या गुहेत सापडलेली, सात मीटरहून लांब, यशयाचे सगळे ६६ अध्याय असलेली. तिच्यात ४०वा अध्याय एका स्तंभाच्या अगदी शेवटच्या ओळीवर सुरू होतो, मध्ये पान सोडलेलं नाही. म्हणून सगळं पुस्तक एकाचंच, असं म्हणतात. पण ती गुंडाळी इ.स.पू. दुसऱ्या शतकातली आहे, कोरेशानंतर चारशे वर्षांची. एवढ्या काळात दोन वह्या एकत्र शिवल्या जाऊ शकतात.

मी कोरेशाचा तो मातीचा लेख पाहिलाय, मुंबईत. १८७९मध्ये बाबेलच्या अवशेषांत सापडलेला, एरवी ब्रिटिश म्युझियममध्ये असतो. २०१३च्या डिसेंबरात तो छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आणला होता. माझ्या पुढे दोन पारशी आजी हात जोडून उभ्या होत्या. वस्तू केवढी? वीतभर. जाडजूड मक्याच्या कणसासारखी, भाजलेल्या मातीची, एका अंगाने फुटलेली, आणि तिच्यावर पाखरांच्या पायांच्या ठशांसारखी बारीक कीलाक्षरं. बाजूच्या भाषांतरात वाचलं, की बाबेलचा देव मर्दूक याने कोरेशाचा हात धरला आणि त्याला नावाने हाक मारली. मला यशया आठवला. तिथे आपला देव कोरेशाचा उजवा हात धरतो आणि त्याला नावाने हाक मारतो. एकच राजा, एकच प्रसंग. बाबेलचे पुजारी म्हणतात आमच्या देवाने आणला, आणि हरलेले, देश गमावलेले, मंदिर नसलेले यहुदी म्हणतात आमच्या देवाने आणला. मातीच्या लेखात यहुद्यांचं किंवा यरुशलेमचं नावही नाही. दीडशे वर्षं आधी नाव कळण्यापेक्षा मला हे मोठं वाटतं, की त्या अवस्थेतल्या माणसाने परक्या राजाला 'अभिषिक्त' म्हणायचं धाडस केलं. पप्पांना हे सांगून बघ. त्यांचं काही हिरावलं जाणार नाही.

दानीएलाचं थोडक्यात. ११व्या अध्यायात ग्रीक राजांची भांडणं इतकी तपशीलवार आहेत, की इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातल्या पोर्फिरी नावाच्या तत्त्वज्ञाने तेव्हाच म्हटलं, हे अँटायोकस या ग्रीक राजाच्या काळात लिहिलंय. त्या राजाने इ.स.पू. १६७मध्ये मंदिर विटाळलं तिथपर्यंत सगळं जुळतं. त्याचा शेवट मात्र समुद्र आणि पवित्र डोंगर यांच्यामध्ये होईल असं लिहिलंय, आणि तो १६४मध्ये मेला तिकडे दूर पारसात. जिथून जुळणं थांबतं तिथे लिहिणाऱ्याची तारीख सापडते. काही विश्वासू अभ्यासक म्हणतात, शेवटचा भाग अजून यायच्या राजाविषयी आहे. मला ते ओढूनताणून वाटतं. पण पोर्फिरीचं म्हणणं आपल्याला माहीत आहे ते मुख्यतः संत जेरोममुळे, ज्याने ते खोडण्यासाठी आपल्या भाष्यात उतरवून ठेवलं. विरोधकाचं म्हणणं नीट लिहून घेऊन मग उत्तर द्यायची ही रीत तुमच्या जेवणाच्या टेबलावर आली तरी पुष्कळ झालं.

कोकणातल्या बेने इस्राएल लोकांविषयी तुला माहीत असेल. आपल्यासारखंच मराठी बोलणारे यहुदी. मलाखीच्या शेवटी आहे, की परमेश्वराचा मोठा दिवस येण्याआधी मी एलीया संदेष्ट्याला पाठवीन. आपण ख्रिस्ती म्हणतो तो आला, बाप्तिस्मा करणारा योहान तोच, मत्तयाच्या ११व्या अध्यायात येशूनेच सांगितलंय. बेने इस्राएल अजून वाट बघतात. घरात शुभकार्य असलं की गोड पोह्यांचा मलिदा करतात, त्यात ओलं खोबरं, सुका मेवा, भोवती फळं, आणि एलियाहू हनाबीचं नाव घेतात. अलिबागजवळ खंडाळ्याला एका खडकावर त्याच्या रथाची खूण आहे असं ते मानतात. एकाच वचनावर आपण 'झालं' म्हणतो आणि ते 'व्हायचंय' म्हणतात. माझ्या शाळेत या समाजातली एक सहशिक्षिका होती. वीस वर्षं आम्ही एकाच डब्यातून जेवलो.

आता करायचं काय ते.

भावाला फोन कर. त्याला 'घरी ये, पप्पांची माफी माग' असं म्हणू नकोस. त्याला म्हण, यहेज्केलाचे २६, २७ आणि २९ हे तीन अध्याय सलग वाच, यादीतून नको, पुस्तकातून. यादी करणाऱ्याने २७वा वाचलाय की नाही, ते त्याचं त्यालाच कळेल. आणि हेही सांग, की चारचौघांत, पप्पांच्या बुधवारी, त्यांच्या विद्यार्थ्यांसमोर उठून बोलला ती चूक होती. मुद्दा बरोबर असला तरी जागा चुकली. शिक्षकाला वर्गासमोर खोडणं काय असतं, हे मी जाणते.

पप्पांशी बोलताना २९वा अध्याय त्यांच्या तोंडावर टाकू नकोस. संध्याकाळी ते निवांत असतील तेव्हा म्हण, 'पप्पा, ही चार वचनं मला समजावून सांगा.' ते शिक्षक आहेत, नाही म्हणणार नाहीत. त्यांना मोठ्याने वाचू दे. सोलवटलेल्या खांद्यांपाशी ते थांबतील असं मला वाटतं. तू काही बोलू नकोस. त्यांनी विचारलं, 'हे त्याने पाठवलं का?' तर माझं नाव सांग. जमल्यास यशयाचा २३वाही त्यांच्याकडून वाचून घे. सोर सत्तर वर्षं विसरली जाईल आणि मग तिचा व्यापार पुन्हा सुरू होईल, असं तिथे आहे. एकाच शास्त्रात सोरविषयी दोन सूर आहेत. हे त्यांना त्यांच्याच आवाजात ऐकू आलेलं बरं.

आणि शास्त्रवाचन. वाचणारा माणूस तिथे साक्ष देत नसतो, मंडळीला पाठ ऐकवत असतो. पाळकसाहेबांना विचारून बघ, त्यांनाही हा फरक मान्य व्हावा. लग्नात नेहमीचा करिंथकरांचा प्रीतीचा अध्याय राहू दे, तो दुसरं कुणी वाचील. भावाला दुसरा पाठ दे. प्रेषितांची कृत्ये, अध्याय २१. पौलाचं जहाज माल उतरवायला एका बंदरात थांबतं. तिथे त्याला शिष्य भेटतात, तो सात दिवस त्यांच्याकडे राहतो. निघायच्या दिवशी ते सगळे आपापल्या बायकामुलांना घेऊन शहराबाहेर किनाऱ्यापर्यंत त्याला पोचवायला येतात. वाळूवर गुडघे टेकून प्रार्थना करतात. मग तो जहाजावर चढतो आणि ते घरी परततात.

ते बंदर सोरचं. मुलगी सासरी निघते त्या दिवशी वाचायला हा पाठ शोभेल, आणि तो वाचायला तुझ्या भावाला काही अवघड जायचं नाही. पप्पांना आधी फक्त वचनांचे आकडे सांग, पाच आणि सहा. बाकीचं ते स्वतः उघडून बघतील.

तुझी,
बाई